हगवण, आतड्यातील पाण्याचा स्राव व शिवारातील औषधी वनस्पती

पावसाळा सुरू होऊन विहिरी-आडांत गढूळ पाणी उतरले आणि गोठ्यांत चिखल माजला, म्हणजे खेडोपाडी माणसांत व जनावरांत हगवणीचा उपद्रव वाढतो. अशा वेळी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांत प्रथम आठवण होते ती घरगुती औषधांची. कोणी कच्च्या बेलफळाचा गर उकळून देतो, कोणी पेरूच्या पानांचा काढा करतो, तर कोणी कुड्याची साल किंवा डाळिंबाचे टरफल उगाळतो. या औषधांत काही गुण आहे काय, असल्यास तो कोणत्या रीतीने घडतो, आणि त्याची मर्यादा कोठे संपते, हे शेतकऱ्यांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण हगवणीत तान्हे मूल अथवा नवजात वासरू दगावते, ते बहुतेक वेळी शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे होय. आणि काढ्याचा गुण येण्याची वाट पाहण्यात जो वेळ जातो, तोच पुष्कळदा घातक ठरतो. प्रस्तुत लेखात या विषयाची सोप्या रीतीने माहिती देण्याचे योजिले आहे.

आतड्यातील पाण्याचा जमाखर्च

आतडे म्हणजे अन्न पुढे ढकलणारी केवळ एक नळी होय, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तेथे अहोरात्र पाण्याची मोठी देवघेव चालू असते. प्रौढ माणसाच्या आतड्यात दररोज सुमारे ९ लिटर द्रव उतरतो. त्यांपैकी सुमारे २ लिटर खाण्यापिण्यातून येतो. उरलेला सुमारे ७ लिटर लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव यांतून येतो. यातील जवळजवळ सर्व पाणी आतडे परत शोषून घेते व मलावाटे दिवसाकाठी केवळ १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते.

लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. या अंकुरांच्या टोकाकडील पेशी क्षार व पाणी शोषून घेतात. अंकुरांच्या तळाशी असलेल्या खोलगट ग्रंथींच्या पेशी मात्र आतड्यात पाणी सोडतात. या पेशींच्या आवरणात क्लोराइड या क्षारघटकास बाहेर जाऊ देणारी सूक्ष्म द्वारे असतात. द्वार उघडले की क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जाते, त्याच्या मागोमाग सोडियम जाते, आणि जेथे क्षार जातो तेथे पाणीही ओढले जाते. निरोगी स्थितीत ही द्वारे गरजेपुरतीच उघडतात व अन्न पातळ राहण्यास मदत होते. मोटेने उपसलेले पाणी पाटाने पुन्हा विहिरीतच सोडावे, तसा हा व्यवहार आहे. उपसा वाढला किंवा परतीचा पाट फुटला, तर विहीर आटण्यास वेळ लागत नाही. हगवणीत हेच घडते.

जंतूंचे विष काय करते

पटकीचे जंतू आतड्याच्या भिंतीस भोक पाडीत नाहीत. ते आतड्यात राहून एक विष तयार करतात. हे विष आतड्याच्या पेशीवरील एका विशिष्ट जागी चिकटते व पेशीत शिरून एका निरोप्या द्रव्याचे प्रमाण वाढवते. त्यामुळे क्लोराइडची द्वारे उघडतात ती उघडीच राहतात आणि रोग्याच्या अंगातून काही तासांत कित्येक लिटर पाणी निघून जाते. कॉली जातीच्या जंतूंपैकी काही जंतू दोन प्रकारची विषे तयार करतात. एक विष उष्णतेने नाश पावणारे असून त्याची क्रिया पटकीच्या विषासारखीच असते. दुसरे उष्णतेस टिकून राहणारे असून ते निराळ्या मार्गाने तीच द्वारे उघडते. या दोन विषांतील फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे वासरांच्या हगवणीचा विचार करताना तो महत्त्वाचा ठरणार आहे.

वनस्पतीतील एखादे द्रव्य हगवणीवर चार ठिकाणी परिणाम करू शकते. ते जंतूंस मारू शकते. जंतूंचे विष पेशीस चिकटू न देण्याचे काम करू शकते. क्लोराइडचे द्वार बंद करू शकते. अथवा आतड्याची हालचाल मंद करून पाणी शोषण्यास अवधी देऊ शकते. अमुक पाला हगवणीवर चालतो, एवढे म्हणून भागत नाही. तो यांपैकी कोणत्या ठिकाणी चालतो, हे पाहिले पाहिजे.

परळ येथील संशोधन

या विषयाच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईतील परळ येथे डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा स्थापन केली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. पटकीवरील औषधांची परीक्षा करावयाची तर हा रोग प्रयोगशाळेतील प्राण्यास व्हावयास हवा. परंतु मोठ्या प्राण्यांस तो सहसा होत नाही. या संस्थेतील दत्ता व हब्बू यांनी १९५५ साली सशाच्या अगदी लहान पिलांत हा रोग निर्माण करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९५९ साली दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी जंतुविरहित द्रव्यानेही या पिलांना तशीच हगवण लागते, असे दाखविले. त्याच वर्षी कलकत्ता येथील डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग बांधून त्यात जंतू गाळून काढलेला द्रव सोडला, तेव्हा आतडे पाण्याने तुडुंब भरले. पाण्याचा लोट जंतूंच्या विषामुळे येतो, ही गोष्ट अशा रीतीने सिद्ध झाली.

यानंतर १९६२ साली दत्ता व पानसे यांनी दारुहळदीतील बर्बेरीन या पिवळ्या, अति कडू द्रव्याची सशाच्या पिलांवर परीक्षा केली व ते उपयुक्त असल्याचे नमूद केले. पुढे इतर ठिकाणी झालेल्या प्रयोगांत बर्बेरीन हे विषामुळे होणारा पाण्याचा स्राव कमी करते, असे आढळले. बांगला देशात प्रौढ रोग्यांवर घेतलेली परीक्षा १९८७ साली प्रसिद्ध झाली. तीत कॉली जंतूंच्या हगवणीत मलातील पाणी स्पष्टपणे घटले. पटकीत मात्र गुण अल्प आला आणि नेहमीच्या जंतुनाशक औषधाबरोबर बर्बेरीन दिल्याने अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे प्रयोगशाळेत जे द्रव्य प्रभावी ठरते, ते रोग्याच्या बाजेपाशी तितकेच प्रभावी ठरेल असे नाही. शिवाय दारुहळद ही मुख्यतः हिमालयातील वनस्पती असून तिच्या मुळांसाठी तिची बेसुमार तोड होते. तेव्हा आपल्या भागातील शेतकऱ्याने तिच्यावर विसंबून राहणे व्यवहार्य नाही.

बेल व पेरू

वेरूळच्या घृष्णेश्वरास ज्याची पाने वाहिली जातात, तो बेल आपल्या जिल्ह्यात सर्वत्र परिचित आहे. पेरूच्या बागाही येथे पुष्कळ आहेत. या दोहोंचा शास्त्रीय अभ्यास मुंबईतील फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेने केला. बेलफळासंबंधीचे निष्कर्ष २००९ साली व पेरूच्या पानांसंबंधीचे २०१० साली प्रसिद्ध झाले.

कच्च्या बेलफळाच्या गराच्या काढ्याने परीक्षेसाठी घेतलेल्या सहा जिवाणूंपैकी एकही मेला नाही. तथापि या काढ्यामुळे जिवाणूंची पेशींस चिकटण्याची व पेशींत शिरण्याची शक्ती बरीच कमी झाली. पटकीच्या विषाची निर्मिती घटली. तसेच ते विष व कॉली जंतूंचे उष्णतेने नाश पावणारे विष, ही दोन्ही पेशीवरील आपल्या ठरलेल्या जागी पूर्वीइतकी चिकटू शकली नाहीत. जिआर्डिया हा सूक्ष्म परोपजीवी व रोटा विषाणू यांचा मात्र या काढ्याने नाश झाला. पेरूच्या पानांच्या काढ्याने पटकीच्या व रक्ती हगवणीच्या एका जातीच्या जंतूंवर प्रत्यक्ष परिणाम झाला आणि वरील दोन विषांची निर्मिती व चिकटणे कमी झाले. बेलफळ कच्चे असतानाच औषधासाठी घ्यावे, असा जो जुना प्रघात आहे, त्यास या अभ्यासाने आधार मिळाला.

परंतु याच अभ्यासांतील एक निष्कर्ष पशुपालकांनी विशेष लक्षात घ्यावा. उष्णतेस टिकणाऱ्या विषावर बेलफळाचा किंवा पेरूच्या पानांचा काहीही परिणाम झाला नाही. शिवाय हे प्रयोग प्रयोगशाळेतील होते, प्रत्यक्ष रोग्यांवर केलेले नव्हते, हेही विसरता कामा नये.

कुडा व डाळिंबाची साल

कन्नड व सोयगाव तालुक्यांतील अजिंठ्याच्या डोंगररांगांसारख्या पानझडी रानांत कुडा वाढतो. पांढऱ्या कुड्याच्या सालीत व इंद्रजव या नावाने मिळणाऱ्या बियांत कोनेसीन व त्यासारखी अन्य कडू द्रव्ये असतात. त्यांची ख्याती प्रामुख्याने आमांशाच्या अमीबा या परोपजीवीविरुद्ध आहे. म्हणून पाण्यासारख्या पातळ हगवणीत व आव-रक्त पडणाऱ्या आमांशात भेद न करता कुड्याची साल देणे योग्य नव्हे. पांढरा कुडा व काळा कुडा या दोन भिन्न वनस्पती आहेत. बाजारात एकीच्या सालीत दुसरीची साल मिसळलेली आढळते. झाडाची साल सभोवार सोलून काढल्यास झाड मरते, हेही ध्यानात ठेवावे.

डाळिंबाच्या टरफलात टॅनिन ही तुरट द्रव्ये भरपूर असतात. टॅनिन प्रथिनांशी संयोग पावते. कातडी कमावताना जी क्रिया होते, तिचाच हा एक सौम्य प्रकार होय. त्यामुळे आतड्याच्या आतील थरावर तुरट संस्कार होतो. तथापि टॅनिनची मात्रा अधिक झाल्यास जठरास त्रास होतो आणि खाद्यातील प्रथिनांचे पचन बिघडते. म्हणून जनावरांस हे टरफल अंदाजाने, ओंजळीने देऊ नये.

तुरट द्रव्यांच्या याच वर्गातील एका द्रव्याने औषधशास्त्रात मानाचे स्थान मिळविले आहे. दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात क्रोटन जातीचे एक झाड आहे. त्याची साल छेदली असता रक्तासारखा लाल चीक वाहतो व तेथील लोक तो हगवणीवर वापरीत आले आहेत. या चिकापासून क्रोफेलेमर हे औषध शुद्ध करण्यात आले. एचआयव्हीबाधित प्रौढ रोग्यांपैकी जे त्या रोगावरील औषधे घेत आहेत, त्यांना होणाऱ्या, जंतुसंसर्गामुळे नसलेल्या हगवणीसाठी अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१२ च्या अखेरीस त्यास मान्यता दिली. हे द्रव्य आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही; ते आतड्यातच राहून क्लोराइडची द्वारे बंद करते. लोकांच्या अनुभवातून आलेले औषध शुद्ध स्वरूपात, ठरावीक मात्रेत व ठरावीक रोगासाठी कसे सिद्ध करावे लागते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

स्राव वाढविणाऱ्या वनस्पती

काही वनस्पतींची क्रिया याच्या उलट असते. शेताच्या बांधावर लावल्या जाणाऱ्या एरंडाच्या बियांचे तेल पोटात गेल्यावर त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटते. हे आम्ल आतड्याच्या स्नायूंवरील एका ठरावीक ग्राहक-स्थानावर काम करून आतड्यास जोराने हलविते, असे जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २०१२ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. सोनामुखीतील द्रव्ये स्वतः निष्क्रिय असतात. मोठ्या आतड्यातील जंतू त्यांचे रूपांतर करतात, तेव्हा ती आतड्याची हालचाल व पाण्याचा स्राव वाढवितात. कोरफडीच्या पानाच्या सालीखालील पिवळा कडू रस, जो वाळवून काळा बोळ होतो, त्याचे कार्यही असेच आहे.

"पोट धुऊन निघाले म्हणजे हगवण थांबेल" या समजुतीने हगवणीच्या रोग्यास किंवा वासरास एरंडेल पाजण्याची चाल काही घरांत आहे. ज्या अंगातून पाणी वाहून चालले आहे, त्यातून आणखी पाणी काढण्याचाच हा प्रकार आहे. तो सर्वथा टाळावा. एरंडाच्या बिया व पेंड यांत रिसिन हे तीव्र विष असते. ते तेलात उतरत नाही, म्हणून मागे राहिलेल्या पेंडीत ते टिकून राहते. खतासाठी आणलेली एरंडीची पेंड गोठ्यापासून दूर, बंद जागी ठेवावी व ती जनावरांच्या खाण्यात येऊ देऊ नये.

खरा आधार: साखर-मिठाचे पाणी

जंतूंचे विष क्लोराइडची द्वारे उघडे ठेवते, परंतु आतड्याचा शोषणाचा एक मार्ग ते बंद करू शकत नाही. सोडियम व ग्लुकोज साखर ही दोन द्रव्ये एकमेकांच्या सोबतीने पेशीत शिरतात, असे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडले. त्यांच्यामागून पाणीही शोषले जाते. पटकीतही हा मार्ग चालू राहतो. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी फैलावली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी पिंपांतून लोकांना पाजविले. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. कोणत्याही पाल्याने किंवा मुळीने आजवर इतके प्राण वाचविलेले नाहीत.

जीवनरक्षक क्षारांचे पाकीट आरोग्य केंद्रात मिळते. २००२ सालापासून प्रचारात असलेल्या सूत्राप्रमाणे १ लिटर पाण्यासाठी २०.५ ग्रॅम पूड लागते. पाकिटावर जितके पाणी सांगितले असेल, तितकेच घ्यावे. पाकीट न मिळाल्यास १ लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. गोडी वाढवावी म्हणून अधिक साखर घालू नये. जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते व हगवण वाढते. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर व मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर पाणी घोट-घोट पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्याव्यात.

वासरांची हगवण

जन्मल्यापासून पहिल्या काही दिवसांत वासरास जी पातळ, पाण्यासारखी हगवण लागते, तिचे एक प्रमुख कारण कॉली जातीचे जंतू होत. वासरांतील हे जंतू मुख्यतः उष्णतेस टिकणारे विष तयार करतात. वर सांगितल्याप्रमाणे बेल व पेरू यांच्या काढ्याचा याच विषावर परिणाम दिसून आलेला नाही. म्हणून नवजात वासराच्या हगवणीत या काढ्यांवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. २५ किलो वजनाच्या वासराच्या अंगातून २ ते २.५ लिटर पाणी गेले, म्हणजे त्याच्या वजनाच्या ८ ते १० टक्के घट झाली. एवढ्याने डोळे खोल जातात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली असता लवकर पूर्ववत होत नाही, तोंड व पाय थंड पडतात आणि वासरू उठेनासे होते.

अशा वासरास पशुवैद्याने सांगितलेले क्षारयुक्त पाणी दिवसातून दोन-तीन वेळा पाजावे. दूध बंद करू नये. मात्र दूध व क्षारयुक्त पाणी यांत काही तासांचे अंतर ठेवावे. वासराची चोखण्याची शक्ती गेली असेल, तर नळीने किंवा बाटलीने जबरदस्तीने द्रव ओतू नये. तो फुप्फुसात जाण्याचे भय असते. अशा वेळी शिरेवाटे द्रव देणे हाच उपाय असल्याने पशुवैद्यास तत्काळ बोलवावे.

तथापि हगवण होऊ न देणे हेच श्रेयस्कर. वासरू जन्मल्यापासून दोन तासांच्या आत त्यास चीक पाजावा व पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २५ किलोच्या वासरास २.५ लिटर चीक पोटात जाईल अशी व्यवस्था करावी. जार पडण्याची वाट पाहत चीक रोखून धरण्याची चाल अपायकारक आहे. रोगप्रतिकारक द्रव्ये शोषण्याची वासराच्या आतड्याची शक्ती एका दिवसात संपुष्टात येते. आजारी वासरू निरोगी वासरांपासून वेगळे बांधावे, जमीन कोरडी ठेवावी व भांडी गरम पाण्याने धुवावीत. वासराची सेवा केल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय घरातील मुलास घेऊ नये, कारण हगवणीचे काही जंतू जनावरांकडून माणसांत येतात.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. हगवण सुरू होताच प्रथम पाणी व क्षार द्यावेत. काढा द्यावयाचा झाल्यास तो मोठ्या माणसास व क्षारयुक्त पाण्याच्या जोडीने द्यावा. त्याच्या ऐवजी नव्हे.

२. तान्ह्या मुलास व नवजात वासरास कोणताही काढा वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नये.

३. मलात रक्त पडणे, ताप, सतत वांती, लघवी बंद होणे, ग्लानी येणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास विलंब न करता दवाखाना गाठावा.

४. हगवणीत एरंडेल, सोनामुखी किंवा काळा बोळ देऊ नये.

५. ओळख पटल्याशिवाय रानातील साल, मूळ किंवा बी औषध म्हणून वापरू नये.

बेल, पेरू, कुडा व डाळिंब यांविषयी आपल्या पूर्वजांनी बाळगलेला विश्वास सर्वस्वी निराधार नव्हता, असे आजचे संशोधन सांगते. मात्र प्रत्येक वनस्पतीचे काम निराळे आहे व त्यास मर्यादा आहे, हेही तेच संशोधन सांगते. बांधावरचे बेलाचे झाड अवश्य जतन करावे. त्याचबरोबर क्षारांची चार पाकिटे घरात ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा, म्हणजे अडचणीच्या रात्री शोधाशोध करावी लागणार नाही.